निरोगी नमुना

९ मार्च

ती. काकू,

नमस्कार शेवटी करीन. आधी आभार, पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही ते फाडलं नाहीत म्हणून. फाडून मग तुकडे जुळवून वाचत असाल तरी चालेल.

मी तुमच्या सुनेची थोरली बहीण. नळीवाली. मी प्रयोगशाळेत काम करते असं पहिल्याच भेटीत सांगितलं तेव्हा हे नाव तुम्हीच ठेवलंत, आणि मग माझ्या सख्ख्या बहिणीनेही तेच चालवलं. पाच वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लहानगा लोडोबा गेल्यावर तीन महिन्यांनी तुम्ही ते घर सोडलंत, तेव्हा तुमचं शिलाई मशीन मी एका बाजूने धरलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घराला लिफ्ट नाही, म्हणून चार मजले जिन्याने. त्या चार मजल्यांत तुम्ही माझ्याशी दोनच शब्द बोललात, "पायरी बघ." ती आपली शेवटची भेट.

पत्ता तुमच्या मुलाकडून घेतला. लॉन्ड्रीच्या वरची खोली, फरशी बारा महिने गरम, असं तो म्हणाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तुमच्याकडे येतो आणि घरी सांगतो की कुठलीशी लिफ्ट अडकली आहे. एकच लिफ्ट दर महिन्याला त्याच रविवारी अडकते हे न कळायला धाकटी काही भोळी नाही. ती कळूनही गप्प बसते, एवढंच.

आता कामाचं. आमच्या विभागात जुन्या नोंदी पुन्हा तपासायचं चाललंय आणि लोडोबाच्या आजारपणाची माझी टिपणं अर्धवट आहेत. तो आजारी पडला त्या दिवशी त्याने काय खाल्लं, किती वाजता, किती वेळ झोपला, हे आठवेल तसं लिहून पाठवाल का? विचारणं जिवावर येतं. पण त्या दिवशी धाकटी चष्म्याच्या दुकानात कामावर होती, तुमचा मुलगा कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, आणि चार वर्षांच्या नातवाजवळ घरात तुम्ही एकट्याच होतात. विचारायला दुसरं कुणी नाही.

काळजीचं काही नाही. नेहमीची तपासणी आहे.

गुडघे कसे आहेत? आता नमस्कार.

नळीवाली

२४ मार्च

काकू,

ब्राउन पेपरच्या तुकड्यावर लिहिलेलं तुमचं उत्तर मिळालं. एका बाजूला कुणाच्या तरी बाहीचं माप, दुसऱ्या बाजूला माझ्या भाच्याचा शेवटचा धड दिवस. सकाळी नऊला अर्धा कप दूध, त्यातलं निम्मं ओकला. एक वाजता दोन घास, मग मान फिरवली. दीडला झोपला. पाचला कपाळाला हात लावला, ताप उतरल्यासारखा वाटला, गाढ झोपला होता म्हणून उठवला नाही. सातला त्याच्या आईने विचारलं जेवला का, मी हो म्हणाले. सकाळी सहाला उठेना.

"मी हो म्हणाले" हे तुम्ही लिहिलं नसतंत तरी चाललं असतं. सगळ्यांना ते माहीत आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी शेवटचं कधी जेवला म्हणून विचारलं आणि तुम्ही खाली बघितलंत, तेव्हा मी तिथे होते. तरी तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला स्वतःची लाज वाटली, कारण मागच्या पत्रात मी तुम्हाला थाप मारली होती. विभागाची तपासणी वगैरे काही नाही. तुम्ही खाली विचारलंय, आता हे का विचारतेस. सांगते.

लोडोबा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की दोनपैकी एक असेल. एक तर मुलाच्या पेशींतच जन्मापासून बिघाड असेल आणि तापात तो उघडा पडला असेल. नाहीतर मूल धडधाकट असेल, पण संसर्ग मोठा आणि पोटात काही नाही, त्यात ते खचलं असेल. कातडीचा एक तुकडा तपासला तर कळेल. ही तपासणी माझ्याच प्रयोगशाळेत होते. त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी घेतली आणि ती नळी मी पर्समध्ये घालून बसने घेऊन गेले. सहा आठवड्यांनी मी धाकटीला फोन केला आणि म्हणाले, "पेशी ठणठणीत आहेत."

ती म्हणाली, "म्हणजे त्याला उठवून खायला घातलं असतं तर?" मी म्हणाले, मी फक्त पेशींचं सांगतेय. एवढं बोलून मी हात झटकले. पुढे घरात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मूल धडधाकट होतं हे एकदा माझ्या तोंडून ठरलं की मग दोषी कोण, याला एकच उत्तर उरत होतं.

त्या पेशी ठणठणीत नव्हत्या, काकू.

पेशी बाटलीत वाढवायच्या तर त्यांना एका लालसर पाण्यात ठेवावं लागतं. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं असतात. आमच्याकडे हे मिश्रण माझ्या सरांच्या काळापासून एकाच कृतीने बनतं. साखर भरपूर, आणि वर दोन जास्तीचे खुराक. वहीत कृती कुणी लिहीत नाही, नुसतं "नेहमीचं" असं लिहितात. मीही वीस वर्षं "नेहमीचं" लिहीत आले. एवढ्या लाडात पेशीला खरं काम करायची वेळच येत नाही. तिच्या आतले मायटोकॉन्ड्रिया, ज्यांना शाळेच्या पुस्तकात वीजघर म्हणतात, ते बंद पडत आले असले तरी ती वरच्यावर साखर वापरून मजेत वाढते. बिघाड शोधायचा असेल तर ती साखर काढून घ्यायची आणि दुसऱ्या जातीची द्यायची, जिच्यावर वीजघर चालवल्याशिवाय भागत नाही. निरोगी पेशी तेवढ्यावर तग धरते. बिघडलेली दोन दिवसांत मरते.

फेब्रुवारीत एक नवी विद्यार्थिनी आली. तिला आमचं "नेहमीचं" ठाऊक नव्हतं, तिने पुस्तकातून त्या दुसऱ्या साखरेची कृती काढली. आजारी मुलांच्या पेशी एका बाजूला आणि तुलनेसाठी एक निरोगी नमुना दुसऱ्या बाजूला, असं तिने मांडलं. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी येऊन रडायला लागली, मॅडम, माझ्याकडून काहीतरी चुकलं, निरोगी पेशीसुद्धा मेल्या. मी तिला झापलं. बाटल्या नीट धुतल्या नसतील म्हटलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं.

तो निरोगी नमुना म्हणजे लोडोबा. पाच वर्षं आम्ही जगभरच्या आजारी पेशी नेहमीच्या मिश्रणात त्याच्याशी ताडून बघतोय. माझ्या तीन शोधनिबंधांत तो आहे, "निरोगी मुलगा, वय चार" असा.

हा बिघाड फक्त आईकडून येतो. त्याला धाकटीकडून आला, धाकटीला आणि मला आमच्या आईकडून. मला मूल नाही म्हणून माझ्याकडचा कुणाला दिसला नाही. तुमचा, तुमच्या मुलाचा, त्या दुपारचा याच्याशी काही संबंध नाही. तुमचा काही दोष नव्हता, एवढं सांगायला हे पत्र.

धाकटीला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही रविवारी मुलापाशी बोलू नका. माझ्या त्या फोनवर विसंबून त्यांनी दुसरं मूल होऊ दिलं. भिंगरी आता तीन वर्षांची आहे. मला थोडा वेळ द्या.

नळीवाली

१२ एप्रिल

काकू,

मला वाटलं होतं तुम्ही मला शिव्या घालाल, नाहीतर रडाल. तुम्ही एकच ओळ लिहिलीत. "मी त्याला पाच वाजता उठवून भरवलं असतं तर तो जगला असता का? हो की नाही लिही."

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. म्हणजे शास्त्रात देता येत नाही. अशा शंभर मुलांचं बघितलं तर काही पहिल्याच मोठ्या तापात जातात, काही आठ-दहा वर्षं काढतात, काही मोठी होऊन नोकऱ्या करतात. त्याच्या पेशींत शंभरातल्या नव्वद वीजघरांत बिघाड होता. हे प्रमाण फार आहे. एवढ्यावर तो चार वर्षं जगला, हसला, भांडला, हेच नवल. आणि त्याची लक्षणं आधीपासून होती. दोन जिने चढला की कडेवर घ्या म्हणायचा. जो दिसेल त्याच्यावर रेलायचा, म्हणून तर आम्ही सगळ्यांनी हसून त्याला लोडोबा केलं. "हा आळशी नाही, याला दम लागतो," असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. मी, पेशी थकतात कशा यावर भाषणं देणारी, मी तर त्याला पळण्याची शर्यत लावायची.

तेव्हा तुमचा प्रश्नच बरोबर नाही. प्रश्न असा हवा की निरोगी मुलाला एक दिवस उपाशी झोपल्याने काय झालं असतं, आणि त्याचं उत्तर आहे की काहीही नाही. सकाळी उठून भूक लागली म्हणालं असतं. तापात पोर जेवत नसेल तर त्याला झोपू द्यावं हे कुठलीही आजी म्हणेल.

आणखी एक सांगायचंय. मी भिंगरीची लघवी तपासली. आमच्या संस्थेत सगळ्या लहान मुलांची मूत्रपिंडं बघतायत अशी थाप धाकटीला मारली आणि बाटली घेऊन आले. लघवीतल्या पेशींतून हा बिघाड कळतो. भिंगरीत आहे. शंभरात साठ. हे प्रमाण मधलं आहे. ती दिवसभर घरभर धावते, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते, तिच्याकडे बघून कुणालाही शंका येणार नाही. कदाचित आयुष्यभर काही होणार नाही. पण ताप आणि उपास एकत्र आले तर तिच्या बाबतीत मी काहीही सांगू शकत नाही, आणि एक-दोन औषधं अशी आहेत की ती कुठल्याही दवाखान्यात सहज देतात आणि तिला चालणार नाहीत.

धाकटीला सांगायचं पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तिला काय सांगू? की पाच वर्षं जिच्यावर राग धरून ती उभी राहिली ती बाई सोड, आणि आता तो राग स्वतःच्या शरीरावर काढ? हे करायला माझा हात उठत नाही. आधी विभागप्रमुखांशी बोलते. निबंध मागे घ्यावे लागतील, त्याचं काय ते ठरलं की मग घरी बोलेन. महिन्याभरात नक्की.

नळीवाली

६ मे

काकू,

तुम्ही म्हणालात, तोंडी नको, कागदावर लिही आणि खाली सही कर. तर लिहिते. सगळं तुमच्यासमोरच झालंय, पण मी तिथे निम्मंच बोलले, म्हणून पहिल्यापासून.

बुधवारी फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. एक आजी आल्यात, म्हणतात नळीवालीला बोलवा. आता अख्खी प्रयोगशाळा मला त्याच नावाने ओळखते. तुम्ही दोन बस बदलून, हातात कापडी पिशवी घेऊन आला होतात. मला वाटलं भांडायला आलात. तुम्ही म्हणालात, "त्याला बघायचंय."

खोलीच्या दाराशी तुम्ही चपला काढल्यात. विद्यार्थिनीने सांगितलं, आजी, इथे उलट घालायच्या असतात, आणि तुमच्या पायात त्या निळ्या पिशव्या चढवल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला तुम्हाला जमेना, मग चष्मा काढल्यावर जमलं. यातला कुठला, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, सगळेच. तुम्ही बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, हातपाय पसरून झोपलेत. आमच्याकडे वीस वर्षांत कुणी पेशींबद्दल असं बोललं नव्हतं. विद्यार्थिनी तोंड फिरवून उभी राहिली.

मी घाबरून शास्त्र सांगायला लागले. ही नेहमीच्या मिश्रणातली बाटली, आणि ही दुसऱ्या साखरेतली, हिला आज दुसरा दिवस. तुम्ही दुसरीही बघितलीत. त्यातल्या पेशी आक्रसून गोळा झाल्या होत्या आणि बऱ्याचशा तळ सोडून तरंगत होत्या. तुम्ही उभ्या राहिलात आणि आपण बाहेर व्हरांड्यात आलो, आणि तिथे तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारलात. आवाज चढवला नाहीत. उलट मला समजावून सांगितल्यासारखं म्हणालात, "बाई, तू मला मोकळी करायला बघतेस. मला मोकळं व्हायचं नाही. मला खरं काय ते पाहिजे."

माझं उत्तर, सहीनिशी: हो. पाच वाजता त्याला उठवून साखरपाणी पाजलं असतं, किंवा उठत नाही म्हणून तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं, तर त्या वेळी तो बहुधा वाचला असता. त्यापुढच्या तापात काय झालं असतं ते मला माहीत नाही, कुणालाच नाही. पण त्या वेळी वाचला असता. त्याच्या पेशींना उपास सोसत नव्हता आणि तो सोळा-सतरा तास उपाशी होता. तुमचा काही दोष नव्हता असं मी लिहिलं, कारण ते लिहायला सोपं होतं. खरं असं आहे की जी गोष्ट कुठल्याही आजीने केली असती ती तुम्ही केलीत आणि त्याने तो गेला. दोन्ही खरं आहे. मला ते एका वाक्यात बसवता येत नाही.

तुम्ही बाकावर बसलात. पाणी नको म्हणालात. मग म्हणालात, "म्हणजे माझी सून खोटं बोलत नव्हती. मीच पाच वर्षं मनातल्या मनात तिला खोटी ठरवत होते." आणि मग लगेच, "त्या भिंगरीला ताप आला तर कोण उठवणार? आणि का उठवायचं हे त्या घरात कुणाला माहीत तरी आहे का?"

मी निबंधांचं, विभागप्रमुखांचं काहीतरी पुटपुटले. तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत. रविवारी तू सांग, नाहीतर सोमवारी मी जाऊन सांगते, म्हणालात.

आता जे व्हरांड्यात बोलले नाही ते. विद्यार्थिनीने ते मिश्रण फेब्रुवारीत नाही, नोव्हेंबरात केलं. मला कळून सहा महिने होत आले. नोव्हेंबर ते मार्च मी काय करत होते, तर तीन निबंध मागे घेतले तर माझं काय उरेल याचा विचार करत होते. डिसेंबरात भिंगरीला सर्दीताप येऊन गेला. धाकटीने फोनवर सहज सांगितलं, काल दिवसभर काही खाल्लं नाही बाईसाहेबांनी. मी म्हणाले, थोडं थोडं भरव गं, आणि मूग गिळून बसले. ती वाचली ते माझ्यामुळे नाही.

आणि याहून वाईट. दुसऱ्या साखरेची ती तपासणी काही नवी नाही. पाच वर्षांपूर्वीही मला ती चांगली माहीत होती, मी इतरांच्या मुलांसाठी ती करत होते. लोडोबाच्या वेळी केली नाही. पहिल्या बाटलीत पेशी छान वाढल्या, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच थांबले. आमच्या रक्तात काही नाही, माझ्यात काही नाही, आईने आम्हाला काही दिलेलं नाही. हे मला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर मी नक्की पुढे गेले असते. "नेहमीचं" या शब्दामागे मी लपले, आणि दोष तुमच्या दारात जाऊन पडला तेव्हा मी मशीन उतरवायला मदत केली.

रविवारी जाते.

खाली खऱ्या नावाने सही केली आहे. तारीखही घातली आहे. हा कागद तुम्ही कुणालाही दाखवा.

१० मे

काकू,

सोमवारी तुम्हाला यावं लागू नये म्हणून काल दुपारीच गेले. तुमचा मुलगा घरी होता. भिंगरी आत झोपली होती.

तुमच्या पद्धतीने केलं, कागदावर. आधी टेबलावर भिंगरीसाठी लिहिलेला कागद ठेवला, धाकटीने नेहमी पर्समध्ये ठेवायचा असा. ताप आला, उलटी झाली, जेवली नाही तर काय करायचं. दर किती तासांनी काय द्यायचं, आणि घेत नसेल तर उशीर न करता दवाखान्यात नेऊन साखरेची सलाईन लावा म्हणून कुणाला सांगायचं. कुठली औषधं द्यायची नाहीत. हे सगळं दोनदा समजावलं, तिने मान डोलावली आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं. मग मी बाकीचं सांगितलं. नोव्हेंबर, डिसेंबर, पाच वर्षांपूर्वीची पहिली बाटली, सगळं. तुम्हाला दिलेल्या कागदाची नक्कल तिच्यासमोर ठेवली.

तुमचा मुलगा उठून गॅलरीत गेला आणि रेलिंगला धरून उभा राहिला. "आईला आपण," एवढंच म्हणाला.

धाकटीने मला विचारलं, "हे माझ्याकडून आलं?" मी म्हणाले, आपल्याकडून, आईकडून. ती म्हणाली, "मी तुझं विचारलं नाही." मग ती आत गेली. भिंगरीला झोपेतून उठवलं, मांडीवर बसवलं आणि केळं भरवायला लागली. पोर अर्धवट झोपेत, वैतागलेली, तोंडात घास घेऊन रडतेय. मी दारातून म्हणाले की ती बरी असताना याची गरज नसते, झोपू दे तिला. धाकटीने वर न बघता सांगितलं, "तू बोलू नकोस." केळं संपेपर्यंत ती थांबली नाही. मग अर्ध्या तासाने पुन्हा कपाळ बघायला गेली.

मला तिने हाकललं नाही. त्यापेक्षा हाकललं असतं तर बरं. चहाचा कप उचलला, विसळला, उपडा ठेवला. मी जायला निघाले तेव्हा जिन्यापर्यंत आली. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "त्यांना पत्र लिहितेस ना? उद्याच लिही. इथे या म्हणावं."

मी विचारलं, माफीचं काही लिहू का. ती म्हणाली, "कुणी कुणाची माफी मागायची ते मागाहून बघू. मला परवा कामावर जायचंय. हिला ठेवू कुणाजवळ?" मी म्हणाले, सगळं लिहून दिलंय, एखादी बाई ठेव, मी शिकवते तिला. तिने मान हलवली.

"झोपलेलं पोर हलवून उठवायला त्याच पाहिजेत," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना दया येईल."

शब्द तिचेच आहेत, मी काही जोडलेलं नाही. उत्तर मला नको, तिला लिहा.

नळीवाली